जावा बेटावरची जमीन : बघून या, पण कनवटीची गाठ सोडू नका

समजा, उद्या सकाळी एक गृहस्थ तुमच्या ओट्यावर येऊन बसला. पायात चकचकीत बूट, हातात रंगीत पत्रक. पत्रकावर हिरवीगार भातखाचरे, मागे धूर सोडणारा डोंगर आणि खाचराच्या कडेला टुमदार कौलारू बंगली. म्हणतो, "पाटील, रस्त्यात जमीन गेली, पैसा बँकेत पडून आहे. जावा बेटावर शेत घ्या. बारमाही पाणी, वर्षाला भाताची तीन पिके, वर बंगली पर्यटकांना भाड्याने. कागदपत्र सगळं आमच्याकडं लागलं."

तुम्ही काय कराल?

हसण्यावारी नेऊ नका. भूसंपादनाचा मोबदला हातात आलेला शेतकरी आज कोणत्याही एजंटाला हवाहवासा वाटतो. इथल्या जमिनीचे भाव गगनाला भिडलेत, तेव्हा परदेशातली स्वस्त जमीन ही कल्पना गोड वाटणारच. म्हणून आज आपण जरा लांबची वाट धरू. जावातल्या एका शेतीप्रधान जिल्ह्यात जाऊ, तिथली जमीन कशी आहे, कोणाची आहे आणि आपल्यासारख्या परक्या माणसाला त्यातले काय घेता येते, ते बघू.

जिल्हा निवडला आहे क्लातेन. मध्य जावा प्रांतात, योग्यकर्ता आणि सोलो या दोन जुन्या राजधान्यांच्या मधोमध. वायव्येला मेरापी हा जागता ज्वालामुखी. २६ तालुके (तिकडे त्यांना 'कचामातान' म्हणतात), ३९१ गावे आणि १० शहरी वॉर्ड. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेबारा लाखांच्या वर भरली. क्षेत्र मात्र आपल्या एका मोठ्या तालुक्यात बसेल एवढेच. म्हणजे चौरस किलोमीटरला अठराशे-एकोणीसशे माणसे, आणि तीही बहुतांशी खेड्यात. हा आकडा ध्यानात ठेवा. पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे.

आता गंमत बघा. इतक्या लांबच्या मुलखात गेल्यावर कानावर पडणारे शब्द ओळखीचे निघतात. गावाला म्हणतात 'देसा', म्हणजे आपला देश. सरपंचाला 'कपाला देसा', यातला कपाला म्हणजे आपले कपाळ, गावचे डोके. जिल्ह्याचा प्रमुख 'बुपाती', म्हणजे सरळ भूपती. जमीन 'बुमी', किंमत 'हार्गा', म्हणजे अर्घ. कालव्याचे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचे नाव मध्य जावात 'धर्म तिर्ता', आणि पाणी सोडणारा गावकामगार 'उलु-उलु', आपला पाटकरी. भाताची देवी 'देवी श्री'. आणि मालकीला शब्द आहे 'हक मिलिक'. हक्क हा शब्द अरबीतून त्यांच्याकडेही गेला आणि आपल्याकडेही आला.

आणखी एक नाते आहे, ते उसाचे. तुमच्यातल्या जुन्या बागाईतदारांना 'चारशे एकोणीस' ऊस आठवत असेल. कोइमतूरला तयार झालेल्या त्या को ४१९ च्या आईबापांपैकी एक होता जावातला पीओजे २८७८. पूर्व जावातल्या पासुरुआनच्या संशोधन केंद्रात १९२१ च्या सुमारास तो निपजला. आपल्या कारखानदारीची पहिली काही दशके ज्या उसावर निघाली, त्याचे अर्धे रक्त जावाचे होते.

पण त्याच उसाने जावाच्या शेतकऱ्याला काय दिले, हे क्लातेनमध्येच कळते. गोंदांग येथे १८६० साली उभारलेला साखर कारखाना आहे. १९८२ पासून तिथे साखरेचे संग्रहालय आहे. वेळ काढून बघा. डच सरकारने १८३० पासून जावाच्या शेतकऱ्यावर सक्तीची लागवड लादली. जमिनीचा ठरावीक हिस्सा सरकारला हव्या त्या पिकाखाली, ऊस, नीळ, कॉफी. नंतर १८७० च्या कायद्याने खासगी कंपन्यांना रान मोकळे झाले. कारखाना गावाची खाचरे आळीपाळीने खंडाने घेई. यंदा तुझ्या रानात भात, पुढल्या साली कारखान्याचा ऊस. शेतकऱ्याने नको म्हणायची सोय नव्हती. स्वातंत्र्यानंतरही कारखान्यांनी जमीन खंडाने घेण्याची रीत १९७५ पर्यंत चालली. त्या वर्षी सरकारने हुकूम काढून ऊस शेतकऱ्याने स्वतः लावायचा, असे ठरवले.

एक गोष्ट मात्र डचांनीही केली होती. १८७५ साली त्यांनी नियम केला की, देशी माणसाची जमीन परक्याला विकता येणार नाही. खंडाने घ्या, पण विकत नाही. त्यात दया किती आणि हिशेब किती, हे सोडून द्या. पण नियम झाला आणि तो रुजला. स्वतंत्र इंडोनेशियाने २४ सप्टेंबर १९६० रोजी जमिनीचा मूळ कायदा केला. त्यात हा मुद्दा आणखी घट्ट बांधला.

त्या कायद्याची दोन कलमे तुम्ही पाठच करून ठेवा. कलम २१ म्हणते, हक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. कलम २६ म्हणते, परदेशी माणसाला मालकी सरळ किंवा आडवळणाने देणारा कोणताही व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत. पुन्हा वाचा. जमीनही जाते आणि पैसाही जातो.

मग एजंट म्हणतो ते "कागदपत्र आमच्याकडं लागलं" म्हणजे काय? बहुधा एवढेच की, खरेदी एखाद्या स्थानिक माणसाच्या नावाने करायची, पैसे तुमचे, आणि बाजूला एक गुपचूप करारनामा की, खरा मालक तुम्ही. आपल्याकडे बेनामी व्यवहार म्हणतात तोच. बरोबर एक कधीही रद्द न होणारे कुलमुखत्यारपत्र जोडतात, म्हणजे तुमची खात्री पटावी. तर जमिनीच्या व्यवहारात असे कायमचे मुखत्यारपत्र चालणार नाही, असा हुकूम तिथल्या सरकारने १९८२ सालीच काढलेला आहे. ज्याच्या नावाने सातबारा तो उद्या 'मी तुम्हाला ओळखत नाही' म्हणाला, तर तुम्ही कोणत्या तोंडाने कोर्टात जाणार? तो करारच बेकायदा. बरे, तो माणूस सज्जन निघाला आणि उद्या वारला, तर त्याच्या वारसांना काय सांगणार?

आणि परदेशी सोडा, खुद्द जकार्ताच्या माणसालाही क्लातेनचे खाचर सहजासहजी घेता येत नाही. १९६१ चा नियम आहे की, शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहिला पाहिजे. बाहेर गेला तर सहा महिन्यांत परत यावे नाहीतर जमीन तिथे राहणाऱ्याला द्यावी. आपल्या कूळ कायद्यात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला आडकाठी आहे, त्याच जातीचा हा नियम. अंमल कसा होतो म्हणाल तर, आपल्यासारखाच. कागदावर कडक, रानात ढिला. पण अंमल ढिला आहे म्हणून परक्याने त्यात हात घालू नये. अडला की नियम त्याच्याच गळ्यात पडतो.

हा एवढा कडेकोटपणा कशासाठी? शेतावर चला, म्हणजे दिसेल. जावाचा शेतकरी अर्ध्या हेक्टरच्या आतला. अर्धा हेक्टर म्हणजे आपला एक एकर नऊ-दहा गुंठे. याहून कमी जमीन कसणाऱ्याला तिथे 'पेतानी गुरेम' म्हणतात. २०२३ च्या कृषिगणनेत साऱ्या देशात अशी सुमारे १ कोटी ६९ लाख कुटुंबे निघाली. दहा वर्षांपूर्वी ती १ कोटी ४२ लाखांच्या घरात होती. १९६० मध्येच त्यांनी कायदा केला होता की, प्रत्येक शेतकरी कुटुंबाकडे निदान दोन हेक्टर असावेत. आपल्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे काय झाले ते तुम्ही जाणता. त्या कायद्याचेही तेच झाले.

जुन्या माणसांशी बोलाल तर मोजमाप 'बाऊ'मध्ये ऐकू येईल. एक बाऊ म्हणजे सुमारे ७,१०० चौरस मीटर, आपले सत्तर गुंठे. बाऊभर खाचर असलेला माणूस तिथे गावातला बरा समजला जातो.

वाट्याने देण्याघेण्याची पद्धत तर अगदी आपली. निम्म्या वाट्याला 'मारो' म्हणतात, तिसऱ्या हिश्शाला 'मर्तलू'. उभे पीक उक्ते व्यापाऱ्याला देऊन टाकतात, त्याला 'तबासान'. गरजेपोटी जमीन गहाण टाकायची आणि पैसे फेडले की परत घ्यायची, याला जावी भाषेत 'सेंदे'. आपली मुदतखरेदीच म्हणा ना. पण इथे त्यांच्या कायद्याने एक गोष्ट केली आहे, ती आपल्या सावकारी पाशातल्या गावांनी ऐकण्यासारखी आहे. १९६० चाच नियम म्हणतो की, शेतजमीन सात वर्षे किंवा जास्त गहाण राहिली असेल, तर घेणाऱ्याने ती उभे पीक निघाल्यावर महिनाभरात मालकाला परत करावी. एक पैसाही न मागता! सात वर्षे पीक खाल्ले, त्यात मुद्दल-व्याज फिटले, असा साधा हिशेब.

या कायद्याचा इतिहास रक्ताने माखलेला आहे, हेही सांगितले पाहिजे. कमाल धारणेवरची जमीन काढून भूमिहीनांना द्यायचे ठरले, पण काम पुढे सरकेना. १९६४ मध्ये कम्युनिस्टांच्या शेतकरी संघटनेने क्लातेन भागात थेट जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. गावे दुभंगली. पुढच्या वर्षी, १९६५ च्या ऑक्टोबरनंतर, जे हत्याकांड झाले त्यात देशभर निदान पाच लाख माणसे मारली गेल्याचे मानतात, आणि क्लातेन हा सर्वांत होरपळलेल्या भागांपैकी एक. वाटलेल्या कितीतरी जमिनी मग पुन्हा हातातून गेल्या. म्हणून तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला "हे खाचर आधी कोणाचे होते हो?" असे सहज विचारू नका. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे टाळण्यात त्याचे आयुष्य गेलेले असू शकते. पण जमिनीत पैसे घालणाऱ्याला नेमका हाच प्रश्न विचारावा लागतो. अडचण ही अशी आहे.

मग परक्याला काहीच नाही का? आहे, पण मोजके.

एक, 'हक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क. त्यावर परदेशी माणूस इमिग्रेशनची कागदपत्रे दाखवून घर घेऊ शकतो. मुदत ३० वर्षे, पुढे २० ने वाढ, मग ३० ने नूतनीकरण. पण घराची किमान किंमत सरकार ठरवते आणि ती श्रीमंतांच्याच घरांची असते; शिवाय जागा जास्तीत जास्त २,००० चौरस मीटर, म्हणजे आपले वीस गुंठे. दुसरे, तिथे कंपनी काढायची. मग कंपनीला बांधकामाचा हक्क मिळतो, मळ्यांसाठी 'हक गुना उसाहा' मिळतो. (गुना म्हणजे गुण आणि उसाहा म्हणजे उत्साह. नाव काय सुरेख आहे!) पण परदेशी भांडवलाच्या कंपनीला जमीन-इमारत वगळून १० अब्ज रुपियांहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते. आपल्या एका रुपयाला साधारण १८०-१९० रुपिया पडतात, त्या भावाने हे पाच कोटींच्या वर गेले. एक-दोन एकरांच्या मोबदल्यावाल्याचे हे काम नव्हे.

तिसरा मार्ग भाडेपट्टा. त्याला तिकडे 'सेवा'च म्हणतात. वीस-पंचवीस वर्षांचे भाडे एकरकमी मोजून घर बांधायचे, असे व्यवहार होतात. आपली मंडळी यालाच 'जमीन घेतली' म्हणून सांगतात. पण यात तुम्ही घेता ती वर्षे, माती नव्हे. शेवटचे वर्ष संपले की तुमची बंगलीही मालकाच्या रानात उभी. आणि मूळ कायद्यात परदेश्याला जो भाडेपट्टा आहे तो तिथे राहणाऱ्याला आणि बांधकामासाठी. भात पिकवण्यासाठी नाही. शेतजमिनीचा खंड, गहाण, बटाई या सगळ्यांना तो कायदा 'तात्पुरत्या' चाली म्हणतो आणि शेतकऱ्याने आपले रान आपण कसावे, असे बजावतो.

भाडेपट्ट्याची एक जमेची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिले. मालकाने मध्येच जमीन दुसऱ्याला विकली तरी भाडेपट्टा तुटत नाही, असे त्यांच्या दिवाणी कायद्यात स्पष्ट आहे. मात्र करार नोटरीसमोर झालेला हवा, आणि नवरा-बायको दोघांच्या सह्या हव्यात. लग्नानंतर मिळवलेली मिळकत तिथे दोघांची असते. एकट्या नवऱ्याची सही पुरत नाही.

आता उत्पन्नाचा हिशेब करा. एजंट पत्रकावर टक्के छापतो, आपण पेन्सिल घेऊ. मध्य जावात भाताचे हेक्टरी उत्पादन एका हंगामाला साधारण साडेपाच टन धरू. एकराला सव्वादोन टनांच्या आत. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या सरकारने भाताचा खरेदी दर किलोला ६,५०० रुपिया केला. म्हणजे एकरी दीड कोटी रुपियाच्या आत, आपले सत्तर-ऐंशी हजार रुपये. हे ढोबळ, खर्च न काढता. त्यातला निम्मा 'मारो'ने कसणाऱ्याचा. उरलेल्यातून बी-खत-मशागतीचा वाटा, कर. बंगलीची स्वप्ने भातावर उभी राहत नाहीत, एवढे दिसते. तिथल्या जमिनीची किंमत वाढते ती भाताने नव्हे, रस्त्याने आणि शहराने. तीन पिकांचेही कौतुक जरा जपून करा. सारखे भातामागून भात घेतल्याने २०१०-११ मध्ये तपकिरी तुडतुड्यांनी क्लातेनची खाचरेच्या खाचरे जाळून टाकली होती. देलांगूचा नामांकित 'रोजोलेले' तांदूळही असाच मागे पडला, कारण तो उंच वाढून लोळायचा आणि पाच महिने रान अडवायचा. जिल्हा प्रशासनाने अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने त्याचे बुटके, लवकर येणारे वाण काढून घेतले, तेव्हा तो पुन्हा शेतात दिसू लागला.

'हिरवा पट्टा' आणि 'पिवळा पट्टा' हे दोन शब्दही लक्षात ठेवा. हिरवा म्हणजे शेतीसाठी राखीव, पिवळा म्हणजे वस्तीसाठी. २००९ मध्ये अन्नधान्याची जमीन राखण्याचा कायदा झाला, आणि २०२१ मध्ये जावासह आठ प्रांतांतल्या ३८ लाख हेक्टरांवर भातजमिनीचा संरक्षित नकाशा जाहीर झाला. पत्रकावरचे खाचर जितके हिरवे, तितकी तिथे विटेवर वीट ठेवण्याची मनाई पक्की.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनी पुढचा भाग नीट वाचावा. जावाच्या गावगाड्यात गावकामगारांचा पगार पूर्वापार जमिनीत दिला जाई. सरपंच, कारकून (त्याला 'चारिक' म्हणतात), मशिदीची कामे बघणारा 'मोदिन', पाटकरी, प्रत्येकाला गावाच्या जमिनीतला वाटा. तिचे नाव 'बंगकोक' जमीन. आपले पाटील-कुलकर्णी वतन आठवले ना? फरक एवढा की, आपले वतन घराण्यात चाले आणि १९६३ पासून पाटलांचे वतनही गेले. तिथे जमीन पदाला चिकटलेली. पद गेले, जमीन गेली. २०१४ च्या ग्रामकायद्याने या जमिनी गावाच्या मालमत्तेत धरल्या, तिचे उत्पन्न गावाच्या अंदाजपत्रकात दाखवायला लावले. २०१५ पासून केंद्राचा निधीही थेट गावाच्या खात्यात येतो. कपाला देसाची मुदत २०२४ च्या दुरुस्तीने सहाची आठ वर्षे झाली, दोनदाच निवडून येता येते.

हातात जमीन, वर निधी, आठ वर्षे खुर्ची. मग मोह आलाच. क्लातेनला लागून स्लेमन जिल्हा आहे. तिथल्या चातुरतुंगल गावात गावकीच्या जमिनीवर एका विकासकाने घरे उठवली. लोकांनी लांब मुदतीच्या भाड्यापोटी पैसे भरले. परवानगी मात्र घरांची नव्हतीच. २०२३ मध्ये प्रकरण भ्रष्टाचार न्यायालयात गेले. विकासकालाही शिक्षा झाली आणि गावच्या प्रमुखालाही. पैसे भरलेली माणसे मोहोरबंद घरांकडे बघत बसली. ती तर तिथलीच, भाषा येणारी माणसे होती. गायरानावर टपऱ्या बसवून देणारे आपल्याकडेही असतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

याच्या उलट उदाहरणही क्लातेनमध्येच आहे. पोलानहार्जो तालुक्यातले पोंगोक गाव. मेरापीच्या पायथ्याशी इथे स्वच्छ झरे फुटतात, 'उंबुल' म्हणतात त्यांना. गावाने २००९ मध्ये स्वतःची संस्था काढली, नाव 'तिर्ता मंदिरी'. झऱ्याचा तलाव नीट केला, तिकीट लावले. पाण्याखाली बसून फोटो काढायची टूम निघाली. लोक तळाशी मोटारसायकल उभी करून तिच्यावर बसतात! हसू येते, पण त्या तिकिटांनी गाव वर आले आणि गावकऱ्यांनाही संस्थेत पैसा घालण्याची मुभा मिळाली. इथे गुंतवणूक झाली, पण बाहेरच्याच्या नावाने एक गुंठाही गेला नाही. सरपंच मंडळींनी एक दिवस फक्त पोंगोकसाठी ठेवावा.

आणि मोबदल्याच्या पैशाचे काय होते, तेही जावानेच पाहिले आहे. पूर्व जावातल्या तुबान जिल्ह्यात सुमुरगेनेंग हे गाव आहे. तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी जमिनी गेल्या, मोठा मोबदला आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये गावात ट्रकवर लादून नव्या मोटारी येऊ लागल्या. पावणेदोनशेच्या आसपास गाड्या मोजल्या गेल्या. काहींना चालवताही येत नव्हत्या. चित्रफीत देशभर फिरली. जेमतेम वर्षानंतर, जानेवारी २०२२ मध्ये, याच भागातले लोक प्रकल्पाच्या दारात निदर्शने करत होते, नोकऱ्या द्या म्हणून. घर चालवायला गुरे विकावी लागली, असे सांगणारेही त्यात होते. सोलो-योग्यकर्ता द्रुतगती मार्ग क्लातेनच्या भातखाचरांतूनच गेला आहे; त्याचा कार्तासुरा ते क्लातेन टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. ज्यांची खाचरे त्यात गेली, ते आता कुठे जमीन मिळते का बघत आहेत. तुम्ही पैसा घेऊन तिथे उतरलात तर भाव कोणासाठी चढेल, याचा विचार करा.

इकडचे कायदेही विसरू नका. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तेही बँकेतूनच. हवालाच्या वाटेने गेलात तर दोन्ही देशांत गुन्हेगार. परदेशातली मिळकत दरवर्षी आयकर विवरणात दाखवावी लागते. लपवली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याने दहा लाखांचा दंड बसू शकतो. आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त असते म्हणाल, तर ते भारतातल्या जमिनीचे. जावातल्या भातावर इथे कर लागतो.

एवढे सांगूनही म्हणतो, जावे. बघायला जरूर जावे. भारतीयाला तिथे उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. योग्यकर्ताहून सोलोकडे २०२१ पासून विजेची लोकल धावते, तीच क्लातेनला थांबते. वाटेत प्रांबानान लागेल. नवव्या शतकातले शिवमंदिर, अर्धे आवार क्लातेनच्या हद्दीत. सेवू आणि प्लाओसान ही बौद्ध मंदिरे तर भाताच्या रानालगतच आहेत. मे ते ऑक्टोबर कोरडे महिने. मेरापी पहाटे स्वच्छ दिसतो, नऊनंतर ढगात जातो. त्याच्या उतारावर केमालांग तालुक्यात जाल तेव्हा २०१० च्या उद्रेकात साडेतीनशेवर माणसे गेली, हे आठवा. सपाटीवर आलात तर २७ मे २००६ चा भूकंप आठवा. एकट्या क्लातेनमध्ये हजारावर मृत्यू. पत्रकावरच्या धूर सोडणाऱ्या डोंगराची ही दुसरी बाजू.

आणि एखादे घर भाड्याने घ्यायचेच मनात असेल, तर एजंटाच्या हॉटेलात बसू नका. गावच्या कचेरीत जा, तिला 'बलाई देसा' म्हणतात. चारिकाकडे 'लेटर सी' नावाची जुनी वही असते. सारा कोण भरत आला, हे तिच्यात सापडते. ती मालकीचा पुरावा नव्हे. २०२१ च्या नियमाने असल्या जुन्या कागदांची नोंदणी करून घ्यायला पाच वर्षांची, फेब्रुवारी २०२६ पर्यंतची मुदत दिली होती. खरा कागद भूमी कार्यालयाचा दाखला, 'सर्तिफिकात'. पण वहीतले नाव आणि दाखल्यावरचे नाव जुळते का, मधली खाडाखोड कोणाच्या सहीची, पट्टा हिरवा की पिवळा, हे सांगणारा माणूस त्या कचेरीतच भेटेल. सकाळी लवकर जा, दुभाष्या आपला न्या, एजंटाचा नको. आणि शुक्रवार टाळा. नमाजाचा दिवस म्हणून दुपारच्या आत कचेरी रिकामी होते.